घशातलं वळण

मोगीच्या धाकट्या आत्याचं लग्न झालं, ते साल २०४१. नंदुरबारच्या मिरची पठारावर (मिरच्या वाळत घालतात त्या मोकळ्या मैदानावर) मांडव घातला होता आणि वाऱ्यावर मिरचीचा खकाणा उडत होता. हळद लागत असतानाच मोगीचा श्वास कोंडला. आजाने वऱ्हाडादेखत तिच्या हातात दम्याचा पंप दिला. नेमके कबड्डीचे वसावे सर समोरच जेवायला बसले होते.

दुसऱ्या दिवशी सरांनी तिचं नाव संघातून कापलं.

"पंपवाली पोरगी मैदानात पडली, तर उत्तर कोण देणार?"

"मी देईन," मोगी म्हणाली.

"तू पडलेली असशील!"

पोरी खिदळल्या. मोगीने मान खाली घातली नाही. "शनिवारी माझी चढाई बघा, सर. एकदा जरी खोकले, तरी पुन्हा मैदानात पाय ठेवणार नाही."

बोलून तर बसली. पण एक कोडं तिला सुटत नव्हतं. आजाचाही पंप तसाच, औषधही तेच. जन्मभर मिरच्या निवडून थकलेल्या आजाला त्याने आराम पडायचा. आणि पोरींत सगळ्यात जोराने श्वास ओढणाऱ्या मोगीचा नुसता घसा कडू व्हायचा.

आजा तिला आरोग्य उपकेंद्रात घेऊन गेला. तिथे नवा यंत्रमानव आला होता, त्याचं नाव फुंकर.

"याला स्वतःला फुप्फुसं नाहीत, हा काय शिकवणार?" आजा पुटपुटला.

"म्हणूनच दुसऱ्यांची नीट बघतो, बाबा," फुंकर म्हणाला. "मोगी, पंप घे बघू."

मोगीने चढाईआधी ठोकतात तसा पाय ठोकला, पंप दाबला आणि सुर्रकन श्वास ओढला.

"अस्सं!" फुंकरने काचेचा एक घसा टेबलावर ठेवला. त्याच्याखाली उलट्या झाडासारख्या फांद्या फुटलेल्या. "या श्वासनलिका (फुप्फुसात हवा नेणाऱ्या नळ्या). दम्यात त्या आतून सुजतात, भोवतीचे स्नायू त्यांना आवळतात. पंपातून निघतात तुषारकण (हवेत तरंगणारे औषधाचे बारीक थेंब). ते आवळलेल्या नळ्यांपर्यंत पोचले, तर स्नायू सैल होतात. आता बघ."

त्याने त्या काचेच्या घशातून लाल रंगाचे तुषार जोरात ओढले. घशाचं वळण लालभडक झालं. फांद्या कोऱ्याच राहिल्या.

"सुसाट सायकल वळणावर काय करते?"

"वळत नाही. कुंपणात घुसते."

"तसेच हे थेंब घशावर आपटतात." मग त्याने तेच तुषार सावकाश ओढले. लाली वळणावरून खाली उतरली आणि टोकाच्या केसाएवढ्या फांद्यांपर्यंत झिरपली.

"म्हणजे माझा जोरच आडवा येतोय?"

"हो. आधी श्वास पूर्ण सोड. मग आत घ्यायला लागताच पंप दाब आणि सावकाश, खोलवर ओढत राहा. शेवटी श्वास धरून ठेव, म्हणजे थेंब आत बसतात. नाहीतर उच्छ्वासाबरोबर बाहेर येतात."

"श्वास धरायला मला शिकवू नकोस!" मोगी म्हणाली. मग आवाज उतरवून तिने विचारलं, "आजा पूर्ण बरा होईल?"

"नाही. आवळलेली नळी सैल होते. झिजलेलं फुप्फुस परत मिळत नाही."

आजा हसला. "खोटं बोलत नाही. बरा आहे हा."

शनिवारी मोगी सगळ्यांसमोर मैदानाच्या मधोमध उभी राहिली आणि तिने खिशातून पंप काढला.

"अगं, आडोशाला जाऊन घे," सर म्हणाले.

"तुम्ही चष्मा आडोशाला जाऊन लावता का, सर?"

तिने श्वास सोडला, सावकाश ओढला, धरला. औषध लागू पडेपर्यंत रेषेवर बसून राहिली. मग उठली, कबड्डी कबड्डी करत घुसली आणि दोघींना बाद करून परतली. पुन्हा गेली. पुन्हा परतली. खोकली नाही.

"मैदानात पडलीस तर?" सरांनी मुद्दाम विचारलं.

"पंप माझ्या खिशात आहे. तुम्हीही कसा द्यायचा ते शिकून घ्या, म्हणजे उत्तर दोघं देऊ."

सर त्याच संध्याकाळी उपकेंद्रात शिकायला गेले. पुढच्या हंगामात फुंकर पठारावर आला. आजाने मिरच्या निवडणाऱ्या बायकांना दटावून तोंडावर जाड पट्टी बांधायला लावली आणि मोगीने मिरचीच्या ढिगावर चढून, घशाच्या वळणावरून औषध खाली कसं न्यायचं ते सगळ्यांना दाखवलं. मोगीचा आजा, दित्या पाडवी, २०४३ सालच्या फाल्गुनात, मिरचीचा हंगाम सरता सरता वारला.