सतरा नंबरची चकती

मी भुताखेतांना घाबरत नाही, असं लॅबमध्ये सांगत फिरते. पालीला घाबरते, ते सांगत नाही.

त्या मंगळवारी भर दुपारी मी मायक्रोस्कोपच्या खोलीत बसले होते. खिडकी नाही, काळा पडदा, एसीची घरघर, स्पिरिटचा वास. स्क्रीनवर सतरा नंबरची चकती: विस्मरणाच्या आजारानं गेलेल्या महिपती मास्तरांच्या मेंदूचा पातळ काप. आमचा रंग जस्ताला चिकटला की हिरवा उजळतो. जिवंत पेशी एकमेकींशी बोलताना जस्त सोडतात, तेव्हा हिरवे ठिपके लुकलुकतात. मेलेल्या कापात ठिपके नुसते स्थिर.

शेजारी मास्तरांच्या पत्नी, मुक्ताबाई. हडपसरहून दोन बस बदलून आलेल्या. नातेवाइकांना आत आणायचं नसतं. पण मला नाही म्हणता येत नाही. म्हणून तर या वयातही सगळ्यांचा चहा मीच सांगते.

"पाच वर्सं केलं मी त्यांचं. येकदाबी वळखलं नाय. आत कुठं मी हाय का, येवढंच बघायचंय."

"काकू, असं नाही दिसत हो..."

त्या स्क्रीनकडे वाकल्या. "अहो... मी आलीय."

सगळे ठिपके विझले.

मी वायर हलवून बघितली. पीएचडीचा एवढाच उपयोग. काहीच नाही. त्या पदर डोळ्यांना लावून निघून गेल्या. पावलं लांब गेली... आणि ठिपके परत आले. एक, चार, मग शेकडो. लुकलुकत.

मला रडूच आलं. पळत जिन्यापाशी गेले. "काकू, परत या! ओळखलंय त्यांनी तुम्हाला!"

त्या आत शिरल्या तसे ठिपके पटापट विझले. कोपऱ्यात एकच राहिला, थरथरत.

मुक्ताबाई हसल्या. डोळे कोरडे होते.

"सोंग व्हय?" त्या हळूच म्हणाल्या. "घरीबी असंच. मी आले की डोळं मिटून पडायचं. मंग उलथनं तापवून चटका दिला... की बरोबर उघडायचे."

तोही ठिपका गेला.

"बाकीच्या चकत्या कुठं ठेवता, बाई?"

आणि मी, शहाणी, बोटानं फ्रीझर दाखवला.

त्या पुन्हा आल्या नाहीत. फ्रीझरची किल्ली माझ्याच पर्समध्ये असते, आत उणे ऐंशी डिग्री. तरी दर मंगळवारी मास्तरांची एक चकती कडेनं करपलेली निघते.