डॉक्टरांनी मागे उभं राहायचं

कोयनेच्या जलाशयावर त्या सकाळी इतकं दाट धुकं उतरलं होतं, की नेत्रनौका पाण्यावर आहे की ढगात, हे तिच्यावर बारा वर्षं काम करणाऱ्यांनाही सांगता आलं नसतं. सूर्यपत्र्यांवर चालणारी ही दुमजली बोट काठाकाठाने गावं घेत जायची आणि म्हाताऱ्या डोळ्यांतले मोतीबिंदू काढायची. फुकट! अर्थात फुकट म्हणजे रोग्याला फुकट. खर्च उचलणारं कुणीतरी लागतंच, आणि ते शोधणं हे संस्थापिका हेमांगी शेलारांचं काम होतं. आता दाते आटले होते. दिवाळीनंतर बोट बंद करायची, असं विश्वस्तांनी सांगून टाकलं होतं.

"आपलं कुठं चुकतंय सांगू, ताई?" तन्वीर मुलाणी म्हणाला. कॉलेजात असताना तो या बोटीवर स्वयंसेवक होता. आता साताऱ्याच्या प्रयोगशाळेत स्मृतिशास्त्रज्ञ. "तुम्ही दात्यांना अहवाल पाठवता. इतकी गावं, इतक्या शस्त्रक्रिया. ते वाचून कुणाच्या पोटात कालवतं? पहिल्यांदा देणारा दुसऱ्यांदा फिरकत नाही, कारण आपलं दिलेलं कुठं पोचलं हे त्याला दिसतच नाही."

"मग काय, एकेकाला बोटीवर जेवायला बोलावू?"

"आठवण पाठवा."

त्याने पिशवीतून सुती टोपीसारखं काहीतरी काढलं. "हा स्मृतिवाचक. आपण एखादी आठवण काढली की ती मेंदूत घटकाभर मऊ पडते आणि मग पुन्हा घट्ट बसते. मऊ असते तेवढ्यात हा तिला वाचतो. तिचं स्मृतिपत्र होतं. ज्याला पाठवाल त्याच्या डोक्यात ते स्वतःच्या आठवणीसारखं उलगडतं आणि कायमचं राहतं. हजारांना पाठवा, हजारांना मिळेल."

"आणि मूळ माणसाला?"

तन्वीर जरा चाचरला. "वाचलेली आठवण पुन्हा घट्ट होत नाही, ताई. जाते. आणि जिथून गेली तिथं परत रुजत नाही, ते आम्ही करून पाहिलंय. म्हणून म्हटलं, एखाद्या रोग्याची पट्टी निघाल्याचा क्षण..."

"गप रे!" हेमांगीताई कडाडल्या. "माणसाला डोळे द्यायचे आणि त्या डोळ्यांनी पहिलं पाहिलेलं काढून घ्यायचं? शोभतं का आपल्याला?" मग त्यांनी ती टोपी स्वतःच्या हातात घेतली. "माझी घे. ज्या आठवणीमुळे ही बोट काढली, ती."

"आधी लिहून तरी ठेवा. मी पत्र उघडणार नाही, दुसऱ्याचं आहे ते; मग नंतर तुम्हाला सांगणार कोण?"

"लिहायचं काय त्यात? कुणाला कधी सांगितली नाही, पण अंगात भिनलीय ती माझ्या."

इथेच बाई चुकल्या. पण त्यांची जातकुळीच तशी. बोटीवरचे सगळे नियम भिंतीवर ठसठशीत रंगवलेले आणि कारण म्हणाल तर एकाचंही लिहिलेलं नाही.

टोपी घातल्यावर दुपारच्या डुलकीसारखं काहीतरी झालं. कुणीतरी हळूच उशी काढून घ्यावी तसं वाटलं, आणि जाग आली. आई आठवत होती, तिच्या हातची आमटी आठवत होती. आपण सात वर्षांच्या असताना आईच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली, हेही ठाऊक होतं. पट्टी निघाली तेव्हा काय झालं, तिथं मात्र धुकं होतं. त्यांना रडू आलं, आणि कशासाठी ते कळेना.

दात्यांना पत्रं गेली आणि काय सांगावं! माणसं दर महिन्याला द्यायला लागली. दिवाळी गेली, शिमगाही गेला, बोट चालतच राहिली.

भिंतीवरचा पहिला नियम होता: पट्टी निघताना डॉक्टरांनी मागे उभं राहायचं. समोर घरचं माणूस. हात मागून वळवून पट्ट्या सोडता सोडता डॉक्टर जंगमांच्या पाठीचं भुस्कट पडायचं. पूर्वी त्यांनी तक्रार केली की ताई भांडायला उठायच्या. या वेळी ताईंनी नियम दोनदा वाचला.

"खरंच की. कशाला बरं केला असेल?" त्या म्हणाल्या. कुणालाच ठाऊक नव्हतं. "पुसून टाका."

दुसऱ्या दिवशी सगुणाबाईंची पट्टी निघायची होती. आठ वर्षांचा अंधार. नवरा दाराशी टोपी चुरगाळत उभा होता. जंगम ऐटीत समोर बसले, हात पुढे केला, आणि एवढ्यात जिन्यावरून कुणीतरी ओरडलं, "अहो डॉक्टर, मागे व्हा! आधी मागे व्हा!"

सत्तरीचे गृहस्थ धापा टाकत आत आले. "मी दिनकर गुंजाळ. एसटीत कंडक्टर होतो, वाशिमला. तुमच्या पत्रातलं गेले सहा महिने रोज डोळ्यांपुढे येतं, म्हणून बोट बघायला आलो. आणि हे काय चालवलंय, ताई? तुम्हीसुद्धा?"

"मी... मला आठवत नाही हो," हेमांगीताई म्हणाल्या.

गुंजाळ त्यांच्या शेजारी बसले. मग ती आठवण स्वतःचीच असल्यासारखी हलक्या आवाजात सांगू लागले. "निळा फ्रॉक होता. पट्टी निघाली तेव्हा समोर डॉक्टर. आई त्यांनाच हात जोडत राहिली. बाकावर आम्ही तीन पोरी. आईनं मला कधी पाहिलेलंच नव्हतं, तिनं भलतीलाच जवळ घेतलं. माझ्या तोंडातून शब्द फुटेना. मग तिला काय वाटलं, तिनं डोळे मिटले आणि एकेकीचा कान चाचपला. माझ्या पाळीला खाच होती."

हेमांगीताईंचा हात आपोआप कानाकडे गेला. खाच होती.

"मग डोळे उघडले तिनं," गुंजाळ म्हणाले. "मी जन्मलो आणि माझी आई गेली, ताई. माझ्याकडे असं कुणी पाहिलेलं नव्हतं."

"कसं पाहिलं तिनं?" ताई पुढे झाल्या. "सांगा ना!"

गुंजाळांना ते सांगता येईना.

जंगम उठले आणि सगुणाबाईंच्या मागे गेले. नवऱ्याला समोर बसवलं. पट्टीचा शेवटचा वेढा सुटला. सगुणाबाईंनी पापण्या उचलल्या, मिचकावल्या, पुन्हा उचलल्या.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "किती म्हातारं झालासा वो!" आणि बघतच राहिल्या.

गुंजाळांनी हेमांगीताईंचं मनगट धरलं. "हे बघा. असं. अगदी असंच बघितलं होतं तिनं तुमच्याकडे."

ताईंनी पाहून घेतलं. डोळे पुसून पुसून पाहिलं. मग त्यांनी रंगाचा डबा मागवला आणि पुसलेला नियम स्वतःच्या हाताने पुन्हा लिहिला. या वेळी खाली कारणही लिहिलं. गुंजाळ सांगत होते आणि त्या लिहीत होत्या.