काबऱ्याच्या तोंडाला रक्त

दिपमाला "नाना, नको" म्हणत वडिलांच्या हाताला लोंबकळली होती, तरी त्यांनी, प्रेमराजमामांनी, काबऱ्या कुत्र्याला मानगुटीला धरून गोठ्यात ओढलंच. काबऱ्याच्या तोंडाला रक्त लागलं होतं. रात्री लाली शेळी व्यायली होती, आणि तिच्याजवळ एक तपकिरी करडू लटपटत उभं होतं. मामा काबऱ्याचं नाक त्या करडाला लावायचे आणि पाठीत काठी घालायचे. पुन्हा नाक, पुन्हा काठी. काबऱ्या चावला नाही. नुसता केकाटत राहिला.

भूमिका आणि तेजस दारातच थबकले. दोघं बहीणभाऊ दिवाळीच्या सुट्टीत दीपनगरहून पिंपळनेरजवळच्या या मामाच्या गावी आले होते. तेजसला रडू येत होतं, म्हणून तो उगाच खोकला.

मामांचा हिशेब सरळ होता. लाली दर वेळी दोन करडं देते. आज एकच आहे. दुसरं कुत्र्याने खाल्लं, आणि एकदा रक्ताची चटक लागली की राखणीचा कुत्रा वाया गेला.

"त्याले रंगतनी चटक लागनी शे," मामा म्हणाले. "आते तो काय कामना नही."

त्यांनी लगेच वनाला फोन लावला आणि संध्याकाळी पोतं घेऊन यायला सांगितलं. वना कुत्री पोत्यात घालून धरणावर नेतो, आणि पोत्यात दगडही घालतो, हे गावातल्या लहान पोरांनाही ठाऊक होतं.

काबऱ्याला लिंबाखाली साखळीने बांधलं. तिघं त्याच्याजवळ बसली. दिपमालाने भराभर सगळं सांगितलं. एका ठेलारी मेंढपाळाने तिला हे पिल्लू दिलं होतं, आणि राखण्या कुत्रा कसा घडवायचा तेही शिकवलं होतं. पिल्लाने शेळ्यांतच झोपायचं, शेळ्यांतच खायचं. घरात घेऊन लाड करायचे नाहीत. खेळात शेळीमागे धावलं की तिथल्या तिथे दाबून धरायचं, शांत झालं की सोडायचं. आणि पहिल्यांदा शेळी व्यायला आली की त्याला तिच्या नजरेसमोर, पण दोराने बांधून ठेवायचं. वर्षभर तिने हेच केलं होतं. कालही तिने त्याला बांधलं होतं.

"मग ते रक्त?" तेजसने विचारलं.

"शेळी व्यायली की वार पडते. गोठ्यात कुठे दिसतेय का तुला? काबऱ्याने खाल्ली. शेळ्यांतली कुत्री खातातच, वासावर लांडगा येऊ नये म्हणून. नानांना सांगितलं, तर म्हणाले, मला शिकवू नको."

"आणि दुसरं करडू?"

दिपमाला मान हलवत काबऱ्याची पाठ चोळू लागली.

भूमिका उठून गोठ्यात गेली. दोर खुंट्याला तसाच होता. कुरतडलेला नव्हता, गाठ नीट सोडलेली होती. दोर ताणला तर तो दाराच्या आत आडवा यायचा, आणि तिथेच दिपमालाचा मोठा भाऊ योगेंद्र रोज आपली मोटारसायकल लावायचा. आज ती अंगणात उभी होती. स्वच्छ धुतलेली.

"दादा गाडी दसऱ्याला धुतो ना?" तेजस म्हणाला.

"दसऱ्यालाही मीच धुतली होती," दिपमाला म्हणाली.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मेलेलं करडू घाईत पुरायला उकिरड्याइतकी मऊ जागा दुसरी नव्हती. योगेंद्र ओट्यावर खाटेवर पडून मोबाइल बघत होता. पाण्याचा तांब्याही तो जागचा उठून घेत नसे. भूमिका त्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "चला, मामीने वांग्यांच्या वाफ्याला शेणखत टाकायला सांगितलंय. उकिरडा खालपर्यंत उकरायचाय."

योगेंद्र ताडकन उठला. फावडं घेत म्हणाला, "तुम्ही शहरातली पोरं, पायावर मारून घ्याल. मी टाकतो."

"एवढी माया?" दिपमाला म्हणाली आणि जोरात हाक मारली, "नाना, लवकर या!"

मामा आले. योगेंद्र उकिरड्याच्या एका कोपऱ्यावर पाय रोवून उभा होता. मामांनी त्याला बाजूला ढकललं आणि तिथेच फावडं घातलं. करडू निघालं. पांढरं होतं. अंगावर दाताची एकही खूण नव्हती. पाठ मोडलेली, आणि कातडीवर टायरच्या नक्षीचा ठसा.

योगेंद्रने मग सगळं कबूल केलं. घरी यायला उशीर झाला होता. नाना जागे होऊ नयेत म्हणून त्याने दिवा न लावताच गाडी आत घेतली. दोर आडवा आला, तो सोडला. अंधारात काबऱ्या काहीतरी चाटत बसला होता. त्याने काबऱ्याला लाथ घालून हाकललं, पण तिथलं ओलं करडू त्याला चाक अंगावरून गेल्यावरच कळलं; मग त्याने ते पुरलं आणि गाडी धुतली.

"सकाळी मार बसत होता तेव्हा तू कुठे होतास?" दिपमालाने विचारलं.

"इथेच," योगेंद्र म्हणाला. "गोधडी डोक्यावर घेतली होती."

मामांनी त्याच्या थोबाडीत दिली. मग ते पोरांकडे वळले आणि म्हणाले, भल्याभल्यांना जमलं नसतं ते तुम्ही शोधून काढलंत. संध्याकाळी वना पोतं घेऊन आला, त्यानेही चहा पिता पिता हे सगळं ऐकलं आणि भूमिकाची पाठ थोपटली. मामीने तेजसला दोन करंज्या जास्त दिल्या. त्याने त्या खाल्ल्या नाहीत.

दिपमालाने काबऱ्याची साखळी सोडली. तपकिरी करडू त्याच्याकडे उड्या मारत आलं. काबऱ्या मागे सरकला, भिंतीला टेकला, आणि तिथेच मुतला. रात्रभर तो गोठ्याबाहेर पडून राहिला.

"होईल नीट," मामा म्हणाले. "आता त्याला कोण मारतंय?"

"त्याला काठी कळली, नाना. ती कशासाठी होती ते त्याला कुठे कळलं? शेळीजवळ गेलं की मार बसतो, एवढंच तो शिकलाय."

दुसऱ्या दिवशी मामा स्वतः पोरांबरोबर टेकडीवर शेळ्या घेऊन गेले. काबऱ्या कळपापासून लांब, एका दगडाशी बसला. दुपारी करवंदीच्या जाळीतून लांडगा निघाला आणि त्याने कडेच्या पाटीची, कोवळ्या शेळीची, मान धरली. पोरं ओरडत धावली. मामा दगड फेकत होते, "छू, काबऱ्या, छू!" म्हणत होते. पाटी ओरडत ओढली जात होती.

काबऱ्या उठून उभा राहिला. त्याने लांडग्याकडे पाहिलं, मग मामांच्या हाताकडे पाहिलं, आणि पुन्हा खाली बसला.