फुलीवरची नजर

"तुम्हाला कुठेतरी पाहिलंय हो! थांबा, नाव सांगू नका."

दुकानात, दवाखान्यात, लिफ्टमध्ये मला माणसं अशीच भेटतात. मग डोळे बारीक करून डोकं खाजवत बसतात. नाव काही आठवत नाही, कारण ते त्यांना कधी माहीतच नसतं. शेवटी कुणीतरी चुटकी वाजवून म्हणतं, "त्या मालिकेतले बाबा!" ती मालिका बहुतेक दुसऱ्याच कुणाची तरी असते. मी मान डोलावतो. उगाच वाद कशाला?

चरित्र अभिनेता म्हणतात आम्हाला. म्हणजे नायकाचा बाप, नायिकेचा बाप, न्यायाधीश, डॉक्टर, आणि दिवस वाईट असले की पोलीस ठाण्यातल्या बाकावर बसलेला माणूस. त्यातही बाप सगळ्यात जास्त. आम्हाला स्वतःचं मूल नाही. बरीच वर्षं वाट पाहिली, डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, मग त्या विषयावर बोलणंच बंद झालं. बायको डबा भरताना म्हणायची, "गावभर तुमची पोरं, आणि डबा मात्र माझ्या एकटीच्या माथी." म्हणताना हसायची, पण झाकण लावताना वर बघायची नाही.

एरवी बघायची मात्र पक्की. संध्याकाळी दार उघडलं की मला उंबऱ्यावरच थांबवायची, चेहरा नीट न्याहाळायची आणि सांगायची, "आज न्यायाधीश घेऊन आलात. जा, आधी तोंड धुवा." भूमिका पुसल्याशिवाय घरात पाऊल टाकायचं नाही, हा तिचा दंडक. तोंड धुऊन आलो की पुन्हा बघायची. "हं. आता तुम्ही." अख्ख्या जगात मला मी म्हणून बघणारी ती एकटी. ते 'हं' ऐकलं नाही तर मला घास उतरायचा नाही, खरं सांगतो.

नाव झालं नाही, पण धंद्यात माझी एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे: माझी नजर. मालिकेत समोरचा नट बऱ्याचदा नसतोच. आपलं काम उरकून तो दुसऱ्या सेटवर पळालेला असतो. मग कॅमेऱ्याशेजारी एक स्टँड उभा करतात, त्या नटाच्या डोळ्यांच्या उंचीवर चिकटपट्टीची फुली मारतात, आणि तिच्याकडे बघून तुम्ही रडायचं, चिडायचं, समजूत काढायची. त्याची वाक्यं असिस्टंट सपाट आवाजात वाचते. नव्या पोरांचे डोळे त्या फुलीवर आपटून परत येतात. माझे आत जातात. "काका खुंटीशीसुद्धा संसार करतील," असं कॅमेरामन म्हणायचा.

अलीकडच्या एका मालिकेत माझा मुलगा झालेल्या पोराला सिनेमा मिळाला आणि तो निघून गेला. लेखकाने मग मुलाला भांडून घराबाहेर काढलं. बाप रोज संध्याकाळी बोलतोय, आणि मुलगा दारात उभा आहे असा त्याला भास होतोय. प्रेक्षकांना ते फार आवडलं. झालं! कित्येक महिने मी त्या फुलीशी बोलत होतो. पोरगा उंच होता, त्यामुळे फुली माझ्या कपाळापेक्षाही वर. मान दुखून यायची.

मग एक दिवस असिस्टंट म्हणाली, "काका, नजर फुलीच्या बाजूला जातेय."

"काहीतरीच काय!"

तिने फुली सरकवून मी बघत होतो तिथे लावली. पुढच्या टेकला नजर तिथूनही हलली होती. मला स्वतःला कळतही नव्हतं. फक्त अंगात एक चुळबुळ सुरू झाली होती. खुर्चीत बसवेना, पेपर धरवेना. घरी जेवताना उठून दाराकडे जाऊन यायचो. "कोण यायचंय का?" बायको विचारायची. मी नाही म्हणायचो.

संकलकाने एकदा मला त्याच्या अंधाऱ्या खोलीत बोलावून घेतलं. मितभाषी माणूस. त्याने माझे क्लोजअप एकामागून एक लावले.

"बघा, तुम्ही एका जागी बघत नाही," तो म्हणाला. "समोरचा पाय बदलून उभा राहिला की आपली नजर कशी जराशी सरकते, तशी तुमची सरकतेय. आणि दर भागात थोडी जवळ येतेय."

"थकलोय रे. वय झालं."

त्याने चित्र थांबवून माझा डोळा पडदाभर मोठा केला. बुबुळात दिव्याचा पांढरा ठिपका असतो, तो होता. पण अर्धाच.

"दिव्याच्या आड कुणीतरी आलंय," तो म्हणाला.

"असिस्टंट असेल."

"ती बसून वाचते, काका."

मी हसून सोडून दिलं. त्या संध्याकाळी बायकोने मला उंबऱ्यावर नेहमीपेक्षा जास्त वेळ उभं केलं. "आज कुणाला घेऊन आलात हो? हा ओळखीचा नाही." मी तोंड धुऊन आलो. तिने पुन्हा बघितलं. "अजून नाही." पुन्हा धुतलं, साबण लावून, कातडी लाल होईपर्यंत. ती 'हं' म्हणाली खरी, पण माझ्या समाधानासाठी म्हणाली. त्या रात्री मला भीती वाटली. काम गेलं असतं तरी चाललं असतं. ही मला ओळखेनाशी झाली, तर मी कुठे जायचं?

पुढे नवा मुलगा आणला. कथेत अपघात होऊन त्याचा चेहरा बदलला होता. मालिकांमधले अपघात या बाबतीत फार कुशल असतात. पोरगा गुणी होता, पण सेटवरच्या दारात उभा राहिला की सारखा बाजूला सरकायचा, कुणाच्या तरी वाटेत आल्यासारखा. माझी नजर त्याच्यावर बसेना. ती त्याच्या खांद्यापलीकडे जायची.

दिग्दर्शक वैतागला. "काका, उद्या जमलं नाही तर बाबांना कोमात टाकतो. डोळे मिटूनच पडा मग."

दुसऱ्या दिवशी तो मुलगा आलाच नाही. अंगात ताप आहे, असा निरोप आला. पुन्हा स्टँड, पुन्हा फुली. प्रसंग मुलाच्या परतण्याचा होता. मनात म्हटलं, एकदाच याला पोटभर बघून घ्यावं आणि संपवावं. भूमिका पूर्ण झाली की माणूस सुटतो, हे इतक्या वर्षांत शिकलो होतो. मी फुली बघितलीच नाही. जिथे नजर जात होती तिथे जाऊ दिली. आणि आयुष्यात कुणाला म्हटलं नाही इतक्या मायेने माझं वाक्य म्हटलं:

"किती दिवस दारात उभा राहणार? चल, घरी चल."

शॉट संपला. मग कानाला हेडफोन लावलेल्या ध्वनिमुद्रकाने अंगठा वर केला. "सुंदर! आणि ते 'येतो, बाबा' पण झकास आलं."

असिस्टंटने कागदातून मान वर काढली. "मी वाचलंच नाही. मला रडू आलं होतं."

सगळे हसले. मीही हसलो.

बाहेर पडलो तेव्हा अजून ऊन होतं. कित्येक महिन्यांनी अंगातली चुळबुळ थांबली होती. डोळे हलके वाटत होते. ड्रायव्हरने माझ्या बाजूचं दार उघडलं. मग वळसा घालून पलीकडचंही उघडलं, जरा थांबला आणि लावलं.

"ते कशाला उघडलंस?" मी विचारलं.

"सवयीने, साहेब," तो म्हणाला. तो एरवी कधीच कुठलं दार उघडत नसे.

मी घरची बेल वाजवली. बायकोने दार उघडलं. मी नेहमीसारखा उंबऱ्यावर उभा राहिलो, चेहरा तिच्यासमोर धरून.

तिने माझ्याकडे बघितलं नाही.

ती माझ्या खांद्यावरून, वर बघत होती. ती उंची मला पाठ होती.

तिचा चेहरा हळूहळू उजळत गेला. एवढ्या वर्षांच्या संसारात तिचा तो चेहरा मी कधी पाहिला नव्हता. टाचा उंचावून तिने हात वर नेला आणि कुणाच्या तरी कपाळावरचे केस मागे सारावेत तशी बोटं फिरवली.

"हं," ती म्हणाली. "आता तू."

"अगं," मी म्हटलं.

ती वाट देऊन बाजूला झाली. मी पाऊल उचलणार, एवढ्यात दार लागलं. आतून साखळी लावल्याचा आवाज आला.

मी पुन्हा बेल वाजवली. पुन्हा.

साखळी न काढता तिने दार किलकिलं केलं. मागे टेबलावर दोन ताटं वाढलेली होती. या वेळी तिने सरळ माझ्याकडे बघितलं, अगदी माझ्या डोळ्यांत. मग डोळे बारीक केले.

"तुम्हाला कुठेतरी पाहिलंय हो," ती कौतुकाने म्हणाली. "थांबा, नाव सांगू नका." आणि आत वळून हाक मारली, "अरे, जरा इकडे ये ना. तू ओळखशील यांना."

आत खुर्ची मागे सरकली.