स्वभावांक अठ्ठ्याहत्तर

सहावा विद्युतोपचार संपला आणि यंत्राने सातव्याला नकार दिला. पडद्यावर तांबडी ओळ उमटली : 'स्वभावांक ७८. उपचार थांबवून रुग्णास घरी पाठवावे.'

डॉ. इरावती सोहनीने काचेपलीकडे पाहिलं. कुंदा आवटी, मिरजेच्या शाळेतली भूगोलाची शिक्षिका, भुलीतून जागी होत होती. दोन वर्षांच्या नैराश्यात तिने दोनदा जीव द्यायचा प्रयत्न केला होता. कालच तिने जेवणाचं ताट नर्सच्या अंगावर भिरकावलं आणि तासाभराने तिचाच हात धरून ती रडली.

"हा मूळ स्वभाव आहे," यंत्रातला स्वभावमापक बनवणारे डॉ. टेंभे म्हणाले. "व्यक्तिमत्त्वविकार. दाखल होतानाच मेंदूच्या लहरींवरून अंक काढलाय. विजेने नैराश्य उतरतं, स्वभाव नाही. म्हणून सत्तरच्या वरच्यांना सहा उपचारांवर थांबवतो; त्यांतला एकही रुग्ण बरा झालेला नाही."

"त्यांतल्या एकाला तरी आपण सहाच्या पुढे नेलंय?"

टेंभेंनी पडद्यावरच्या तांबड्या ओळीकडे बोट दाखवलं.

"निदान आत्ता पुन्हा मोजू या."

"स्वभाव बदलत नाही, इरावती. म्हणून तो एकदाच मोजायचा."

इरावती आत गेली. कुंदाने मान फिरवली. "घरी पाठवताय ना? तुम्हीपण टाकणारच मला."

इरावती तिच्या खाटेशी बसली. "अजून सहा घ्यायची तयारी आहे?"

"द्या."

स्वतःच्या जबाबदारीवर सही करून इरावतीने यंत्राचा अटकाव काढला.

सातवा, आठवा, नववा. काहीच फरक नाही. टेंभे दर वेळी अहवाल वाचून जागेवर ठेवत. दहाव्यानंतर कुंदाने अचानक विचारलं, "नववीला नकाशावाचन कोण शिकवतंय हो?" बाराव्यानंतर ती दोन भाकऱ्या जेवली आणि नर्सची माफी मागून आली.

इरावतीने स्वभावांक पुन्हा काढला. एकेचाळीस. टेंभेंनी सगळ्या तारा तपासून स्वतः मोजला. एकेचाळीसच.

"स्वभाव तर बदलत नाही ना, सर?"

"नाही."

"मग ती दाखल झाली तेव्हा आपण मोजलं काय?"

टेंभेंनी दोन्ही अंक शेजारी शेजारी लिहिले. "नैराश्यच."

नैराश्य जितकं खोल, तितका अंक मोठा. ज्यांना उपचारांची सर्वांत जास्त गरज होती, नेमक्या त्यांनाच यंत्राने घरी धाडलं होतं.

इरावतीने यादी काढली. त्रेसष्ट नावं होती. टेंभेंनी फोन स्वतःकडे ओढला आणि पहिला नंबर लावला.

"कृष्णाजी मगदूम आहेत का? दवाखान्यातून बोलतोय. त्यांना परत उपचारांना आणाल का?"

पलीकडून एका बाईचा आवाज आला, "त्यास्नी जाऊन वरीस झालं. आत्ता आठवण झाली व्हय तुमास्नी?"