नातेवाईक सवलत

तीन दिवसांत तेरा हजार चारशे साठ रुपये. नवलनगरीच्या ‘अक्षय ताट’ योजनेतून कौस्तुभ पाटणकरला एवढा फायदा व्हायचा होता. हा अंदाज नव्हे; त्याचा सत्तावीस ओळींचा तक्ता तयार होता. योजनेचे पैसे अठरा हजार: माणशी सहा हजार, माणसं तीन. त्याच तीन दिवसांत तेच पदार्थ सुटे घेतले असते तर एकतीस हजार चारशे साठ. अट एकच, तक्त्याप्रमाणे सगळं खाल्लं गेलं पाहिजे.

कौस्तुभ एका सहकारी दूध संघात खरेदी अधिकारी होता. सूर्यास्त कसा होता असं विचारलं, तर तो पार्किंगला किती पडले ते सांगायचा. कर्जतच्या पलीकडे डोंगर सपाट करून उभारलेल्या नवलनगरीत आकाशातून तरंगणाऱ्या होड्या होत्या, माणसाला तासभर वजनहीन करणारी विहीर होती. यातलं काहीही त्याच्या तक्त्यात नव्हतं. तक्त्यात सुरमई होती, खेकडा होता, बदामी हलवा होता.

पहिल्या सकाळी आठला भोजनगृहाची दारं उघडली आणि बारा वर्षांची इरा सरळ इडलीकडे गेली.

“ठेव ती!” कौस्तुभ कडाडला. “इडली चाळीस रुपयांची. तिने पोट भरलंस तर दुपारच्या खेकड्याला जागा कुठून आणशील?”

“बाबा, मला खेकडा आवडत नाही.”

“साडेसहाशेचा आहे. आवडेल.”

“मग दोन दिवस आधीपासून तिला उपाशी का नाही ठेवलंस?” त्याची बायको मृण्मयी म्हणाली. “तू स्वतः राहिलास तसं?”

ती टोमणा मारत होती. कौस्तुभला ती सूचना वाटली, आणि ती आधी सुचली नाही याची हळहळही. तो खरोखर दोन दिवस लिंबूपाण्यावर होता. कुणी विचारलं तर देवाचं काहीतरी आहे, असं सांगत होता.

पण सगळ्या हिशेबी माणसांचं होतं तेच दुपारी दोन वाजता त्याचंही झालं. दुसऱ्या खेकड्याच्या दुसऱ्या नांगीपाशी त्याचं पोट भरलं. उरलेल्या तक्त्यात सव्वीस हजारांचा माल बाकी होता आणि घास खाली उतरेना. पानात टाकायचं नाही, हे संस्कार. उष्ट्याला दंड, हा योजनेचा नियम. आजूबाजूला मात्र त्याच्याहून किडकिडीत माणसं चौथं ताट वाढून घेत होती. प्रत्येकाच्या कानामागे एक काळी टिकली होती. कपाळावर लावायची असते तेवढीच.

टिकली ज्या खिडकीत मिळत होती तिथे डॉ. बोधनकर बसल्या होत्या. या बाई मेंदूशास्त्रज्ञ. त्यांचं संशोधन नवलनगरीच्या मालक कंपनीने विकत घेतलं होतं, आणि संशोधनाबरोबर बाईही आल्या होत्या.

“पोट भरलं हे पोटात कळत नाही,” त्या म्हणाल्या. रोज शंभर वेळा सांगून त्यांचा आवाज गुळगुळीत झाला होता. “पोट मेंदूला एक पत्र धाडतं, ‘आता पुरे’. पोटापासून मेंदूपर्यंत एक लांबलचक नस जाते, तिच्यातून. ही टिकली ते पत्र वाटेत उचलते. मेंदूला ते मिळत नाही. तुम्ही जेवत राहता.”

“पोट फुटलं तर?”

“त्याआधी टिकली आपली आपण बंद होते. तेवढी काळजी घेतलीय. वजन वाढेल.”

“वाढू दे. भाडं किती टिकलीचं?”

“काहीच नाही.”

कौस्तुभ सावध झाला. बावीस वर्षं खरेदीत घालवल्यावर फुकट या शब्दाने त्याच्या अंगावर काटा यायचा. “का?”

बोधनकरबाईंनी पहिल्यांदाच मान वर केली. हा प्रश्न फारसं कुणी विचारत नसावं. “कारण उचललेलं पत्र आम्ही फाडून टाकत नाही. ते नोंदवून ठेवतो. त्याला आम्ही तृप्तिलेख म्हणतो. दुसऱ्या माणसाच्या टिकलीतून तो वाजवला, की न जेवता त्याचं पोट भरतं. भरल्यासारखं वाटतं, म्हणजे. वसतिगृहं घेतात, कारखाने घेतात, वृद्धनिवास घेतात. ताट समोर ठेवायचं, टिकली चालू करायची. माणूस दोन घास खातो आणि म्हणतो, पुरे. तुमच्या जेवणाचे खरे पैसे ते भरतात.”

“पण त्यांच्या अंगी काही लागत नसेल.”

“नाही लागत.”

“मग?”

“मग काही नाही. कुणी तक्रार करत नाही. तक्रार भुकेल्याची असते.” त्यांनी अर्ज पुढे सरकवला. “एक अडचण मात्र आहे. परक्याचा तृप्तिलेख नीट बसत नाही, मळमळतं. रक्ताच्या नात्यात मात्र अगदी चपखल बसतो. म्हणून हा रकाना. आमच्या ग्राहक संस्थांमध्ये तुमचं कुणी असेल, तर नातेवाईक सवलत आहे. पंधरा टक्के.”

अर्जावर संस्थांची यादी होती. सातव्या क्रमांकावर भोरजवळचं ‘निवांत’ वृद्धनिवास होतं, आणि ‘निवांत’मध्ये कौस्तुभची आई होती.

सुनंदाबाईंना तिथे ठेवताना कौस्तुभने दोन दर पाहिले होते. एक ‘पूर्णान्न’, दुसरा ‘समाधान’. दुसरा महिन्याला नऊ हजारांनी स्वस्त. आईचा आहार मुळात थोडा, तेव्हा ‘समाधान’ तिच्या स्वभावालाही शोभून दिसतो, असं त्याने मृण्मयीला समजावलं होतं. समाधान कशाचं, हे त्याला आत्ता या खिडकीपाशी कळलं.

हे सगळं त्याला स्वच्छ समजलं होतं, एवढं नोंदवून ठेवलं पाहिजे. बाईंनी काही लपवलं नाही आणि त्याने काही चुकीचं ऐकलं नाही. त्याने मनात अठरा हजारांचे पंधरा टक्के काढले. दोन हजार सातशे. मग त्याने रकान्यात खूण केली.

“एकदा त्यांच्याशी बोलून घ्या,” बाई म्हणाल्या.

“आईला चालेल. तिला माझं सगळं चालतं.”

यातलं दुसरं वाक्य खरं होतं. कौस्तुभ सात वर्षांचा असताना वडील गेले. सुनंदाबाई शिवणकाम करायच्या. संध्याकाळी भाकरी मोजून व्हायची. कौस्तुभ शिकवणीहून येईपर्यंत त्या ताट झाकून बसायच्या. मुलगा उपाशी असताना त्यांनी कधी घास तोंडात घातला नाही. तो आला, की ताट त्याच्यापुढे सरकायचं. “तू नाही का जेवत?” असं त्याने विचारलं, की त्या म्हणायच्या, “तू जेवलास की माझं पोट भरतं.” लाखो आयांनी हे वाक्य म्हटलं असेल. ते यंत्रात घालून विकता येईल, हे मात्र एखाद्या कंपनीलाच सुचू शकतं.

तिसऱ्या दिवशी कौस्तुभचा तक्ता पूर्ण झाला. इराच्या नावापुढचे खेकडेही त्यानेच संपवले. घरी परतताना त्याने हिशेब केला, फायदा सोळा हजार एकशे साठ. त्या आनंदात त्याने बारमाही पास काढला. बेचाळीस हजार, परत न मिळणारे. दर शनिवार-रविवार, वर्षभर. मृण्मयी आणि इरा दोनदा गेल्या आणि मग म्हणाल्या, आम्हाला घरचा वरणभात पुरे. कौस्तुभ एकटाच जायचा. आकाशातली होडी त्याने एकदाही पाहिली नाही.

आठ महिन्यांनी, एका सोमवारी, तो भोरला गेला. जायचं कारण प्रेम नव्हे. अनामत रकमेच्या पावतीवर सही हवी होती.

खाटेवर आई बसली होती, म्हणजे तिचं लुगडं बसलं होतं आणि आत कुठेतरी ती होती. हाताच्या बांगड्या दंडापर्यंत चढत होत्या. समोर पोळी-भाजीचं ताट जसंच्या तसं होतं. चेहऱ्यावर मात्र असं तेज, की नुकतीच कुणाच्या लग्नाच्या पंगतीतून उठून आली असावी.

“आलास? बस. अरे, काय जेवलायस परवा! मला बाई अजून सुस्ती आहे.”

“तुला... तुला कसं कळलं?”

“व्यवस्थापक सांगतात ना. म्हणाले, आजी, तुमच्या मुलाचं जेवण तुम्हाला पोचतं.” त्यांनी कानामागच्या टिकलीला मंगळसूत्राला लावावा तसा हात लावला. “लहानपणी तुला कधी पोटभर घालता आलं नाही रे. तू ‘झालं माझं’ म्हणायचास आणि पातेल्यात बघायचास. मला सगळं दिसायचं. आता कळतं, पोरगं पोटभर जेवतंय. आणखी काय हवं?”

“आई, दोन घास खा. हे बघ, तुझ्या आवडीची पुरणपोळी आणलीय मृण्मयीने दिलेली.”

“छे रे! तुडुंब झालंय.” त्यांना खरोखर ढेकर आली. “तूच खा.”

त्याने खाल्ली.

बाहेर व्यवस्थापकाने वजनाची वही दाखवली. आल्या तेव्हा एकेचाळीस किलो, आता साडेबत्तीस. कौस्तुभ स्वतः अकरा किलोंनी वाढला होता. गाडीत बसल्यावर त्याने ही वजाबाकी आणि बेरीज शेजारी शेजारी मांडून पाहिली आणि मृण्मयीला फोन करून दोन्ही आकडे सांगितले.

माणूस इथे सुधारतो, अशी वाचकाची अपेक्षा असते. मृण्मयीचीही होती.

“आजच्या आज घेऊन ये त्यांना घरी,” ती म्हणाली.

“सांभाळायला बाई ठेवावी लागेल. सव्वीस हजार.”

“मी तुला बाईचा दर विचारला नाही.”

“कुणीतरी विचारायला हवा ना!”

पुढच्या शनिवारी तो डॉ. बोधनकरांच्या खिडकीशी उभा राहिला. त्यांनी आकडे ऐकले आणि त्यांचा गुळगुळीत आवाज खरखरीत झाला.

“तीसच्या खाली गेल्या तर हृदय दमेल. दोन महिने, फार तर तीन. मी तुम्हाला सांगितलं होतं.”

“हो, हो. उपाय सांगा.”

“सोपा आहे. तुम्ही इथे जेवू नका. नोंदवलेला लेख आठवडाभरच टिकतो; तुमचा नवा लेख नसेल तर ‘निवांत’ला काही वाजवता येणार नाही. भूक लागेल, जेवतील.”

“आणि पास? चार महिने शिल्लक आहेत. चौदा हजार होतात.”

बाईंनी करारांची वही उघडली. त्यांनी या खिडकीतून पुष्कळ भुकेली माणसं पाहिली होती. हा नमुना त्यांनाही नवीन असावा. “दुसरा उपाय,” त्या शेवटी म्हणाल्या, “तिकडे टिकली उतरवायची. ‘समाधान’च्या करारात ते जादा जेवण धरतात. वेळेला तीनशेवीस रुपये.”

“दिवसाला दोन वेळा. महिन्याला एकोणीस हजार दोनशे!” कौस्तुभने हे तोंडी काढलं. त्यात तो पटाईत होता. “त्यापेक्षा पूर्णान्न स्वस्त.”

“मग पूर्णान्न घ्या.”

“वर्ष संपायच्या आत करार बदलला, तर अनामत बुडते.”

कसं कोण जाणे, पण सगळे रस्ते त्याच्या खिशातूनच जात होते. बराच वेळ विचार करून त्याने सुवर्णमध्य काढला. आठवड्यातून एक वेळ. रविवारी दुपारी आईची टिकली उतरवायची. महिन्याला बाराशे ऐंशी. एक दिवस चांगली कडकडून भूक लागली, की चार दिवसांचं खाऊन घेईल. तो स्वतः नाही का खात? सही करताना त्याला स्वतःच्या मातृभक्तीने भरून आलं.

पहिला रविवार. दुपारचा एक. नवलनगरीत कौस्तुभसमोर सुरमई, कानामागे टिकली, डोक्यात समाधान. ‘निवांत’च्या व्यवस्थापकाचा फोन आला.

“पाटणकर साहेब, आजींची टिकली अकराला उतरवली. भूक लागली त्यांना. चांगली लागली, पोट धरून बसल्यात. पण जेवत नाहीत.”

“का? वाढलं नाही का नीट?”

“सगळं वाढलंय. त्यांनी ताट झाकून ठेवलंय. म्हणतात, माझं पोट रिकामं आहे म्हणजे माझा मुलगा आज जेवलेला नाही. तो आल्याशिवाय मी कशी जेवू?” व्यवस्थापक घुटमळला. “तुम्ही जरा बोलता का त्यांच्याशी? जेवलो म्हणून सांगा, बस. फोन देतो.”

कौस्तुभच्या तोंडात घास होता. तो गिळायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात त्याने विचार केला. तो नीट गिळला गेला, हे सांगायला हवं.

“थांबा, थांबा. आधी हे सांगा, ताटाला हात लावलेला नाही ना? मग ते तीनशेवीस परत मिळतील का?”

परत मिळाले. व्यवस्थापक भला माणूस होता. अडीच वाजता त्याने टिकली पुन्हा लावली. सुनंदाबाईंच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. “जेवला बाई एकदाचा,” त्या म्हणाल्या, आणि झाकलेलं ताट आत पाठवून दिलं. त्यानंतर रविवारची सोय कौस्तुभने बंद केली. आईलाच नको असेल तर त्याचा काय इलाज?

त्या दहा आठवड्यांनी गेल्या. व्यवस्थापकाने सांगितलं, अगदी तृप्त होत्या. वैद्यकीय दाखल्यात कारण म्हातारपण असं लिहिलं.

वर्षअखेरीस कौस्तुभने ताळेबंद मांडला. बारमाही पास पूर्ण वसूल, वर एक लाख सहा हजारांचा फायदा. नातेवाईक सवलत नऊ हजार. अनामत पूर्ण परत, कारण करार त्याने मोडला नव्हता. कंपनीला प्रत्येक ताटामागे दुप्पट मिळाले. ‘निवांत’ची पोळी-भाजी वाचली. बोधनकरबाईंचा पगार वाढला. तोटा कुणालाच नव्हता. कौस्तुभने तीनदा तपासून पाहिलं. भरणा एकाच खात्यातून झाला होता, आणि ते खातं रुपयांत नसल्यामुळे तक्त्यात धरलेलं नव्हतं: आल्या तेव्हा एकेचाळीस किलो, गेल्या तेव्हा साडेअठ्ठावीस.