वेंडेल प्रूटचे गुन्हे

धान्याच्या कोठारावर बेचाळीस वर्षं मी काटा सांभाळला. शाळा सहावीत सुटली. तेव्हा माझ्या लिहिण्यातल्या चुका काढत बसू नका, झालं ते ऐका.

आमच्याकडे मोंटानात पोलिसाच्या गोळीनं माणूस मेला की कॉरोनर, म्हणजे मरणाची चौकशी करणारा अधिकारी, गावातलीच सात माणसं पंच म्हणून बसवतो. गोळी घालणं गुन्हा होता की नव्हता, एवढं त्यांनी सांगायचं. जानेवारीत मला बोलावणं आलं. शिव्या घालतच गेलो.

शेरीफच्या हाताखालच्या डेप्युटी स्ट्रँडनं वेंडेल प्रूटला त्याच्याच फाटकात मारलं होतं. वेंडेलच्या हातात नळाचा पाना होता. स्ट्रँड म्हणाला, पाना वर उगारला होता. दोन शेजारी शपथेवर म्हणाले, खाली होता. बाहेर बाकावर वेंडेलची आई बसलेली. पोरगा गुंड म्हणून मेला की माणूस म्हणून, एवढंच तिला ऐकायचं होतं.

आमच्या कॉरोनर ऑल्सगार्डबाई. गावातली प्रेतंही त्याच पुरतात. फाटकातले ते अकरा सेकंद बघा, वेंडेलचं मागचं काही बघायचं नाही, असं बजावून त्या कॉफी आणायला गेल्या, आणि मागचं सगळं असलेली खाकी फाइल टेबलावर तशीच राहिली. आमच्या गावात हे असंच चालतं. सगळ्यांना सगळ्यांचं ठाऊक, मग लपवायचं कुणापासून?

कोर्टाच्या तळघरातली खोली. चारलाच अंधारून आलेलं. गरम पाण्याचा पाइप भिंतीत टकटक करत होता आणि ओल्या लोकरीच्या कोटांचा वास कोंडला होता.

मी फाइल ओढली तशी सातांतलीच खाणावळवाली लोर्ना म्हणाली, "ऑर्विल, फाइल राहू दे."

"का? चार वर्षं तुरुंगात होता तो. असल्याचा पाना खाली असला तरी वरच धरायचा."

ब्रेनर्ड आम्हा सातांचा म्होरक्या, शाळेत सुतारकाम शिकवायचा. तो हसला. "म्हाताऱ्या, तुझ्या हातात आत्ता चमचा आहे. तो वर धरायचा की खाली?"

मी ऐकणाऱ्यातला नाही. फाइलची दोरी सोडली. वर जुनंच होतं, औषधांचं दुकान फोडलेलं, मारामाऱ्या. ते मी मोठ्यानं वाचून दाखवलं. त्याखाली टाइप केलेले सात कागद होते. पत्ते वाटावेत तसे मी ते वाटले.

माझ्या कागदावर होतं: 'ऑक्टोबर १९६९. नदीच्या पुलावर एका दारुड्याला मी लाथ मारून गाडीतून उतरवलं. बर्फ पडत होता. त्यानं माझा कोट मागितला. मी काच वर केली.' खाली सही, वेंडेल प्रूट.

त्या गाडीत मी होतो. मी आणि तो माणूस, तिसरं कुणी नाही. बर्फ वितळल्यावर तो मेलेला सापडला. हे मी बायकोला सांगितलं नाही, देवालाही नाही. आणि वेंडेल जन्मला चौऱ्याहत्तर साली.

पाइपाची टकटक थांबली. सहा जण आपापल्या कागदाकडे बघत होते, आणि आपलं मढं आपणच बघावं तसे चेहरे. माझ्या मानेवर कुणीतरी श्वास सोडला. गार, दारूची घाण असलेला. मी वळलो. मागे नुसती भिंत.

"ऑर्विल..." लोर्नानं कागद टेबलाखाली धरला होता. "तुझ्यात काय आहे...?"

"त्याचंच काहीतरी."

"हो... माझ्यातही त्याचंच."

ब्रेनर्डनं न बघता कागद गोळा केले आणि फाइलची दोरी दोनदा आवळली. मग एकेकाला विचारलं, पाना? खाली. खाली. सात वेळा खाली. गोळी घालणं हा गुन्हा, असा निकाल आम्ही लिहून दिला. वेंडेलच्या आईनं तो उभ्यानं ऐकला, हातमोजे घातले आणि निघून गेली.

तीन आठवडे मला झोप नाही. शेवटी एका दुपारी शेरीफच्या कचेरीत गेलो आणि तिथल्या कारकून व्हर्नाला पुलाचं सगळं सांगून टाकलं. तिनं पेन उचललंच नाही.

हे कबूल झालंय, ती हळूच म्हणाली. वेंडेल उन्हाळाभर दर शुक्रवारी यायचा, कुणाचं नाव न घेता, मी केलं, मी केलं म्हणत सांगायचा आणि ती टाइप करायची. डोकं फिरलंय म्हणून कचेरीत सगळे हसायचे.

"मग स्ट्रँड त्याच्याकडे गेला कशाला?"

"पुलावरच्या त्या माणसाचं विचारायला. तो मेलेला माणूस तरी खरा निघाला ना..."

मी तिच्या टेबलाची कड धरली. गोळी स्ट्रँडची होती, पण त्याला त्या फाटकापर्यंत नेलं होतं मी.

"बसा," व्हर्ना म्हणाली. "त्या सातांतले इथं आलेले तुम्ही पाचवे."

तिनं खालचा खण ओढला. आमचे सात कागद फाइलीत गेले होते. वेंडेलच्या कबुल्यांचा उरलेला गठ्ठा तिला दोन्ही हातांनी उचलावा लागला. चष्मा नाकावर सरकवून मी वरचा कागद बघितला. त्यावरची तारीख अजून यायची होती. पुढची ओळ वाचायच्या आत व्हर्नानं त्यावर तळहात ठेवला, आणि तो तिनं उचललाच नाही.